साहेबांचा जागेपणीचा फोटो

आत्याचा स्टुडिओ जिन्याखाली होता. पोट भरायचं ते ओळखपत्रांच्या फोटोंवर. नाव मात्र पाखरांच्या फोटोंमुळे. त्या काळी आमच्या गल्लीत पक्षी पाळायचं वेड शिरलं होतं. मांजरांच्या धाकाने लोक त्यांना काचेची घरं करून देत, वर तेवढी जाळी. अशा घरातल्या पाखराचा फोटो काढला की त्यात पाखरू कमी आणि फोटो काढणारा जास्त यायचा. आत्याच्या फोटोत मात्र मध्ये काच आहे हे सांगूनही पटायचं नाही. ती आधी काच ओल्या वर्तमानपत्राने पुसायची, मग काळ्या कापडाचा तंबू करून कॅमेऱ्यासकट आत शिरायची. कापडाची टोकं आतोबांच्या हातात.

"लोकांच्या बायका संसार करतात, माझी तंबू ठोकते," आतोबा म्हणायचे.

"तो तरी सरळ धरा," आतून आवाज यायचा.

एवढंसं प्रतिबिंब आलं तरी आत्या फोटो टराटरा फाडायची.

कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंनी दुकान बंद केलं, तेव्हा कपडे मांडायचं काचेचं कपाट आडवं करून त्यात आपला कॉकाटील पोपट ठेवला. राखाडी अंग, पिवळा तुरा, चालण्यात भलताच रुबाब. म्हणून त्याचं नाव साहेब. आता त्या कायमच्या लेकीकडे निघाल्या होत्या. जावयाला पिसांनी दम लागायचा, त्यामुळे साहेब गल्लीतल्या औषधवाल्याकडे जाणार होते.

"एक फोटो दे गं. जागा असलेला, माझ्याकडे बघणारा. झोपलेला नको बाई, गेल्यासारखा दिसतो," त्या आत्याला म्हणाल्या. सामान बांधून झालं होतं. गाडी सकाळची.

आत्याने त्यांच्या घरी जाऊन काच पुसली, तंबू केला. साहेबांनी एक डोळा त्या कापडाकडे लावला, जागच्या जागी गिरकी घेतली आणि पाठीत चोच खुपसून झोपले. कापड काढलं की टक्क जागे. पुन्हा घातलं, पुन्हा झोपले.

"मावशी, याला झालंय काय?"

शिंपीणबाईंनी जीभ चावली. "अगं, दिवस मावळला की मी काळा अभ्रा घालते ना त्याच्या घरावर. मीच शिवलाय."

आतोबांनी शीळ घालून पाहिली.

"राहू द्या. त्या शिळेला मी कधी वळले नाही, तो काय वळणार?" आत्या म्हणाली.

कापडाशिवाय काढावा तर समोरची खिडकी पांढरीफेक काचेत उतरत होती. पडदा ओढला तर अंधार. आत्याने कापड बाजूला टाकलं. मग म्हणाली, "मावशी, माझ्या मागे खिडकी अडवून उभ्या राहा. आणि बोला त्याच्याशी."

"काय बोलू?"

"रोज काय बोलता?"

"काय साहेब, जेवलात का?" साहेब तुरतुरत काचेपाशी आले, तुरा ताठ.

संध्याकाळी फोटो धुऊन आला. शिंपीणबाईंच्या सावलीने खिडकी गिळली होती, आणि त्या सावलीत साहेब लख्ख उभे होते. वर अंधुकसा चेहरा. आतोबांनी बायकोच्या हाताकडे पाहिलं. तो हात फाडायला उचलला गेला नाही.

"हे मागे कोण भूत?" शिंपीणबाईंनी विचारलं.

"तुम्हीच."

"अगं, केस तरी विंचरू द्यायचे!" म्हणत त्यांनी फोटो छातीशी धरला. जरा वेळाने हळूच म्हणाल्या, "आणखी एक काढून देशील? औषधवाल्याकडे याच्या काचेला लाव, बाहेरून. मी कुठे गेले म्हणून शोधेल गं तो."

पाखरांना फोटो कळत नाही, हे आत्या येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायची. शिंपीणबाईंना तिने ते सांगितलं नाही. दुसरी प्रत तिने चांगली मोठी काढली. गाडी गेल्यावर आतोबांना सोबत घेऊन औषधवाल्याकडे गेली, आणि फोटो आतल्या बाजूला तोंड करून, साहेबांच्या दांडीच्या उंचीवर, स्वतःच्या हाताने चिकटवून आली.