रीताची दवंडी

रीता नेमकं काय काम करते, हे तलावाकडच्या टोलीत, त्या मासेमारांच्या वस्तीत, कोणालाच धड सांगता येत नव्हतं. आई रेवताबाई म्हणायची, "संगनकावर लिवते." शेजारची केशरबाई म्हणायची, "इंग्रजाईच्या ब्यांकेत हाय." खरी गोष्ट अशी की रीता एका ब्लॉकचेन प्रकल्पासाठी बोलण्याचे नियम लिहायची. जगभरच्या हजारो लोकांच्या संगणकांवर एकच नोंदवही ठेवायची आणि ती कोणा एकाच्या ताब्यात जाऊ द्यायची नाही, असा तो प्रकल्प. त्याला ना मालक, ना कचेरी. सारा कारभार स्वयंसेवकांचा. पण तोंडं हजार असली की जो तो आपल्या मनचं बोलतो. त्यात त्या नोंदवहीचं स्वतःचं एक नाणंही बाजारात होतं. एखादा उत्साही गडी कुठंतरी बोलून जायचा, 'पुढच्या महिन्यात बघा कसं वर जातं ते,' आणि लोक घरातलं सोनं मोडायचे.

म्हणून रीतानं बावीस नियम लिहिले होते. 'आमची कंपनी' म्हणायचं नाही, कारण कंपनी नाहीच. काम झाल्याशिवाय तारीख सांगायची नाही. सगळ्यांच्या वतीनं कोणी बोलायचं नाही. आणि नाण्याच्या भावाबद्दल एक अक्षर नाही, चढेल म्हणून नाही की पडेल म्हणून नाही.

परदेशातले सोबती विचारायचे, हे सगळं कुठं शिकलीस? ती सांगायची, घरी. ही काही थट्टा नव्हती. तिचे वडील बुधराम तीस वर्षं गावचे कोतवाल होते. डफडं वाजवून दवंडी देणारा माणूस म्हणजे गावाचं तोंड, आणि बुधरामनं ते तोंड कधी सैल सोडलं नाही. आधी कोणी कळवलं त्याचं नाव, मग कळवलं तेवढंच. त्याची चूक झाली ती एकदाच. तलावाचं पाणी शनिवारी सुटणार होतं, बुधरामनं पदरचं 'सकाळी' जोडलं. पाणी सुटलं दुपार कलल्यावर. माणसं फावडी घेऊन उन्हात ताटकळली आणि त्याच्या नावानं शिव्या घालत घरी आली. दुसऱ्या दिवशी बुधराम डफडं घेऊन पुन्हा त्याच गल्ल्यांतून फिरला. "कालची 'सकाळ' मायी होती हो, पंचायतीची नाही!" लोक हसले. सहा वर्षांची रीता लाजेनं रडायला लागली. तेव्हा तो म्हणाला, "चूक जेथं सांगतली, तेथंच जाऊन मोडा लागते. घरी बसून मोडत नाही." रीताचा अकरावा नियम तोच आहे: चुकीचं छापलं गेलं तर गुपचूप पुसू नका, त्याच जागी दुरुस्त करा.

इंटरनेट बरं म्हणून रीता भंडाऱ्याला खोली करून राहायची आणि शनिवारी एसटीनं घरी यायची. या उन्हाळ्यात एका शनिवारी ती फाट्यावर उतरली, तो समोर फलक, आणि फलकावर तिचाच फोटो, बारावीच्या सत्कारातला. खाली लिहिलं होतं, 'आपल्या लेकीच्या कंपनीचं नाणं. वर्षात दुप्पट.' त्याखाली भय्याजीचा नंबर. भय्याजी म्हणजे मोबाइलचं रिचार्ज, विमा, नवरदेवाचा फेटा, जे खपेल ते विकणारा माणूस. आता त्यानं रीतालाच विकायला काढलं होतं.

ती तरातरा घरी आली. रेवताबाई मासे साफ करत बसली होती.

"सोमवारी बचत गटाचे पैसे देतो आमी भय्याजीजवळ," ती खुशीत म्हणाली. "बारा जनींचे."

ते पैसे नव्या डोंग्यासाठी, म्हणजे मासेमारीच्या होडीसाठी, आणि जाळ्यांसाठी होते. चार वर्षं टोलीतल्या बायकांनी मासळी विकून जमवलेले.

"दुप्पट होते म्हून कोनं सांगतलं तुले?"

"कोनं म्हंजे? तूच ना."

"मी?"

"केशरबाईनं नळावर इचारलं नव्हतं का तुले, चढन का म्हून? तू हासली अना म्हनली, मले बोलता येत नाही. मंग? वाईट असतं त आपल्या मानसाले सांगतलं नसतं का तूनं?"

रीताला आता उलगडा झाला. तिनं आपलाच नियम तंतोतंत पाळला होता आणि तिच्या गप्प हसण्यानंच भय्याजीचा धंदा झाला होता. तिला स्वतःची लाज वाटली, आणि मग राग आला.

भय्याजी दुकानात पंख्याखाली बसला होता. फलक उतरवा म्हटल्यावर तो दात काढून हसला.

"तुले खोटं वाटते त तू चारचौघात सांग ना, नाणं पडते म्हून. सांगता येते का? तुये नियम वाचले मी नेटवर. माया पोरीच्या मदतीनं वाचले, पन वाचले. नोकरी जाईन तुयी."

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, आणि तेच तिला जास्त झोंबलं. घरी येऊन तिनं प्रकल्पाच्या सगळ्यांना घडलं ते लिहून कळवलं, उद्या काय करणार तेही कळवलं. परवानगी मात्र मागितली नाही. मग खुंटीवरचं डफडं काढलं.

"काय सांगसीन?" बुधरामनं विचारलं.

"मले ठाऊक हाय तेवढंच."

सकाळी त्यानं चुलीजवळ कातडं शेकून, बोटानं वाजवून बघून डफडं तिच्या हातात दिलं.

रविवारी सकाळी नळावर गर्दी असते. रीता तिथंच पहिल्यांदा उभी राहिली.

"ऐका हो ऐका! हे पंचायतीचं नाही, प्रकल्पाचं नाही, बुधरामची रीता सांगून राहिली! त्या नाण्याले कंपनी नाही, मालक नाही. पैसे बुडले त कोनाच्या दारात जाऊन बसाचं, असं दारच नाही. फलकावरचा फोटो मले न इचारता लावला. दुप्पट होते म्हून मी म्हनली नाही. पन ह्या नळावर मी हासली, ते मायं चुकलं!"

केशरबाईनं घागर खाली ठेवली. "मंग चढन का पडन, येवढं त सांग."

"माहीत नाही, काकी."

"येवढी शिकली, तरी तुले बी नाही?"

"मले बी नाही. अना भय्याजीले बी नाही."

केशरबाईनं घागर परत कमरेवर घेतली. मग म्हणाली, "मंग मायं नाव काढाले सांगतो त्याले. माया डोंगा मले दिसते तरी."

रीता चारही गल्ल्या फिरली. शेवटच्या गल्लीत भय्याजी मोबाइल धरून तिचं चित्रण करत होता. "पाठवतो तुया साहेबाले!"

"साहेबच नाही तेथं," घसा बसलेली रीता म्हणाली. "सगळ्याईले पाठवा." आणि पुन्हा डफडं वाजवायला लागली.

सोमवारी बारा जणींनी पैसे दिले ते डोंगा बांधणाऱ्या सुताराला. फलक भय्याजीनं स्वतःच उतरवला. प्रकल्पात दोन दिवस वाद झाला. काहींना रीता मर्यादा सोडून बोलली असं वाटलं. तिनं लिहिलं, काढायचं तर मला काढा, पण हा तेविसावा नियम ठेवा: 'विचारल्यावर माहीत नसेल तर माहीत नाही असं मोठ्यानं सांगावं. हसू नये.'

कोणी तिला काढलं नाही. नियमही राहिला. फक्त दूरदेशीच्या एका स्वयंसेवकानं विचारलं, बाकी समजलं, पण हसण्याचं काय ते कळलं नाही.

रीतानं त्याच्या प्रश्नाखालीच, सगळ्यांना दिसेल असं उत्तर लिहिलं: 'आमच्या गावच्या नळावर एकदा चूक झाली होती. माझी.'