पिठावरचं पाऊल

भाऊबीजेला माझा भाऊ ठाण्याहून कल्याणला आला तो दिवस कलल्यावर. सकाळपासून ताट मांडून मी उपाशी बसलेले, आणि राग कायम माझ्या नाकावर. "आता नाही ओवाळायची. जा परत," म्हणाले. "उद्या येतो, राग उतरला की," असं हसून तो शहाडला मित्राकडे गेला. सकाळी उल्हास नदीत आंघोळीला उतरला तो वर आलाच नाही.

दहाव्या दिवशी माहेरी दिव्याखालचं पीठ पाहिलं. गेलेला जीव ज्या योनीत जातो तिचं पाऊल पिठावर उमटतं म्हणतात. सगळ्यांना पाखराचं पाऊल दिसलं, मला सपाट पीठ. म्हणजे तो गेलाच नव्हता. ओवाळून घ्यायला थांबला होता.

सासरी परतल्यावर मी रोज संध्याकाळी कोठीच्या खोलीत पीठ पसरायची, दिवा ठेवून टोपली झाकायची आणि सकाळी उचलून पाहायची. अन्न गोड लागेना. दारात कुणी खाकरलं तरी तोच वाटे.

सासूबाईंनी देवऋषी आणला. त्याने अंगारा फासला, केस धरून "कोण आहेस तू?" म्हणून दरडावलं. पौषापर्यंत सुधारली नाही तर हिला कायमची माहेरी धाडायची, असं घरात ठरत होतं. मलाही माझी भीती वाटू लागली होती.

आणि एका सकाळी टोपलीखाली पाऊल होतं. तीन बोटं, कुठल्याच पाखराला न शोभणारी, जाडजूड. सासूबाई चुलीत लाकूड सारत होत्या. त्यांच्या बोटाला पेरापर्यंत पीठ होतं.

"दिसलं का गं?"

"दिसलं."

"मग आता सांग, काय बोलली होतीस त्याला?"

आजवर सगळ्यांनी भुताला विचारलं होतं, मला कुणी नाही. मी सांगितलं आणि पोटभर रडले. "रोज दळताना सांगत जा," त्या म्हणाल्या. वर्षभर जात्याच्या पलीकडे बसून त्यांनी तेच तेच ऐकलं. तो अजूनही दाराशी येतो, पण मी जेवते, झोपते.

सासूबाई गेल्या तेव्हा दहाव्याला टोपली उचलायला मला पुढे केलं. पीठ सपाट होतं. नणंद बाहेर रडत उभी होती. आईशी तिचं शेवटी भांडण झालेलं. मी तीनदा बोट टेकवलं आणि मग तिला आत बोलावलं.