कागदाच्या खालच्या दोन ओळी

"वाचून दाखव," मोठे फादर म्हणाले.

बोर्डिंगच्या व्हरांड्यात साठ मुली मांडी घालून बसल्या होत्या. प्रत्येकीपुढं ताट. भात वाढून झाला होता, आमटी वाढायची राहिली होती. मी खांबापाशी उभी. वय बारा. हातात वहीचा फाडलेला कागद. अक्षर माझं होतं. मजकूर माझा नव्हता.

"बोर्डिंगच्या फादरांवर मी खोटा आळ घेतला. मी खोटं बोलले. मी देवाची आणि फादरांची माफी मागते."

"मागच्या मुलींना ऐकू नाही गेलं. पुन्हा वाच, बाळ." आवाज एकदम मऊ. चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेत बोलायचे तसाच.

पुन्हा वाचलं.

"अजून थोडं मोठ्यानं."

तिसऱ्यांदा वाचताना पहिल्या रांगेतली एक पोरगी म्हणाली, "वाच की गं नीट, भूक लागलीया." सगळ्या हसल्या. वाढपाची सिस्टरसुद्धा हसली.

बोर्डिंगचे फादर खुर्चीत बसले होते. माझं वाचून संपल्यावर त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "मी तिला क्षमा केली आहे."

सिस्टर मुलींना म्हणाली, टाळ्या वाजवा. साठ मुलींनी टाळ्या वाजवल्या. मग आमटी वाढली.

माझा बाप तिथंच उभा होता. टोपी हातात घेऊन.

त्या बोर्डिंगच्या फादरांनी माझ्याशी काय केलं ते मी इथं लिहिणार नाही. जिथं सांगायचं तिथं सगळं सांगितलंय. लोकांना तपशील हवा असतो. ज्यांना हवा असतो त्यांची नजर मला आता ओळखू येते.

वेल्ह्याच्या बाजूचं ते गाव. नाव घेत नाही, कारण तिथं अजून मुली शिकतात. डोंगरातल्या धनगरवाड्यांवरच्या पोरीही त्या बोर्डिंगात असायच्या, आमच्यासारख्या दहा-बारा ख्रिस्ती घरांच्याही. बाप मिशनचा मास्तर होता. शाळेतला नव्हे. गावोगाव पायी फिरून प्रार्थना शिकवायची, आजाऱ्याच्या घरी फादर पोचायच्या आधी पोचायचं, मयताला खड्डा खणायला माणसं जमवायची, ते मास्तरचं काम. आई मी लहान असतानाच गेली. मिशनच्या आवारातल्या एका खोलीत बाप एकटा राहायचा. मी बोर्डिंगात.

मी बापाला सांगितलं तेव्हा त्यानं मला मारलं नाही. हे त्याच्या बाजूनं लिहिते. तो दुसऱ्या दिवशी पहिली एसटी धरून पुण्याला गेला, मोठ्या फादरांकडं. सगळ्या मिशनांचे वरिष्ठ तेच. बापाला वाटलं, न्याय तिथं आहे. परत आला तेव्हा चेहऱ्यावर उजेड होता. म्हणाला, "ते सोता येनार हायेत."

आले. तीन दिवसांनी, पांढऱ्या जीपमधून.

ऑफिसात त्यांनी बापाला खुर्ची दिली. मिशनच्या ऑफिसात बाप खुर्चीवर बसलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. तो टोकावर बसला.

"मास्तर, खोली मिशनचीच ना तुमची?"

"व्हय फादर."

"किती वर्षं झाली?"

"अठरा."

"मग ख्रिस्तसभेचं नाव जपायची जबाबदारी तुमची नाही का?"

मोठे फादर माझ्याकडं वळले. एक शब्द विचारला नाही मला. काय झालं, कधी झालं, काही नाही. वही उघडली, पान फाडलं, पेन दिलं. "लिही बाळ, मी सांगतो तसं."

मी बापाकडं बघितलं. तो म्हणाला, "लिव्ह."

मी लिहिलं. खाली साक्षीदार म्हणून बापानं सही केली.

त्यानंतर मला बोर्डिंगातून काढलं. कामथडीला आत्या होती, तिच्याकडं राहिले. झेडपीच्या शाळेत गेले, मग भोरला कॉलेज. आज भोर डेपोत कंडक्टर आहे. खाकी घालते. गाडीत साठ माणसं असली तरी माझा आवाज शेवटच्या सीटपर्यंत जातो. चर्चला जाणं मी सोडलं होतं. बाप मात्र कधी चुकला नाही. अंगात ताकद होती तोवर मिशनचं काम केलं. थकल्यावर खोली काढून घेतली, तेव्हा माझ्याकडं आला. आम्ही एका घरात राहतो. त्या दिवसाबद्दल आम्ही तेरा वर्षं बोललो नव्हतो.

मोठे फादर पुढं महागुरू झाले. सगळ्या फादरांच्या वरचे. मग निवृत्त झाले. बोर्डिंगच्या फादरांची बदली झाली, लांबच्या जिल्ह्यात. दुसऱ्या मुलींच्या बोर्डिंगवर.

हे मला गेल्या वर्षी कळलं. तिथल्या एका बाईनं तक्रार केली. बातमी सगळ्यांच्या मोबाईलवर फिरली. ती बाई माझ्याहून तीन वर्षांनी लहान, आणि ते घडलं तेव्हा ती दहाची. म्हणजे माझ्यावर टाळ्या वाजल्या, आणि लगेच तिची पाळी आली. शिवऱ्याच्या स्टॉपवर गाडी उभी असताना मी ते वाचलं. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, बेल मारा की." मला बेल दिसेना.

त्या दिवसापर्यंत मला माझीच लाज वाटायची. त्या दिवशी ती लाज गेली. तिच्या जागी जे आलं ते चांगलं नाही, मला माहीत आहे. पण ते माझं आहे.

बातमी आल्यावर महागुरूंचं पत्रक निघालं. रविवारी मिस्सात वाचून दाखवलं. बाप घरी येऊन म्हणाला, "पत्रात लिवलंय, माझ्याकडं कदीच कुनाची तक्रार आली न्हाई." एवढं बोलून तो भिंतीकडं तोंड करून झोपला. भर दुपारी. जेवला नाही.

पुढच्या रविवारी मिस्सा झाल्यावर चर्चमध्येच सभा होती. महागुरूंच्या पाठिंब्याच्या निवेदनावर सह्या करायच्या होत्या. मी ड्युटी बदलून घेतली आणि बापाला घेऊन गेले.

चाळीसेक माणसं होती. दोन तट पडले होते. पोरं म्हणत होती, आधी चौकशी होऊ दे, मग सह्या. म्हातारी माणसं म्हणत होती, गुरूंवर शंका घेणं पाप आहे. एक जण म्हणाला, "आपली घरं किती? आजूबाजूला सगळा गाव. बाहेरच्यांना आयतं कोलीत कशाला द्यायचं?" ही भीती खोटी नव्हती. मला ती ठाऊक आहे, मी त्याच भीतीत वाढले. पण प्रत्येक वेळी त्या भीतीचं ओझं मुलींनीच का वाहायचं?

सायमनकाका चर्चच्या मंडळाचे चिटणीस. मिशनच्या सगळ्या फायली त्यांच्या कपाटात. ते उठले. हातात प्लास्टिकचं फोल्डर.

"असले आरोप नवीन न्हाईत," ते म्हणाले. "आपल्याच बोर्डिंगमदल्या एका पोरीनं असंच केलं हुतं. मागनं तिनंच लिहून दिलं, खोटं बोलले म्हनून. नाव घेत न्हाई. ती हितंच बसलीया."

चाळीस डोकी माझ्याकडं वळली.

माझ्यासाठी तेरा वर्षांनी परत तोच व्हरांडा. फरक एवढाच की मला आता भूक लागलेली नव्हती, आणि कुणाच्या खोलीत मी राहत नव्हते.

मी उभी राहिले. "काका, कागद आणलाय ना? वाचा."

"कशाला उगंच..."

"वाचा. मागच्या लोकांना ऐकू जाईल असं वाचा."

त्यांनी वाचला. तीच तीन वाक्यं. मग फोल्डर मिटायला लागले.

"खाली काय लिहिलंय तेपण वाचा," मी म्हणाले. खाली काही लिहिलंय हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. माझ्या अक्षराखाली, बापाच्या सहीखाली, निळ्या शाईत दोन ओळी होत्या. प्लास्टिकमधून दिसत होत्या. ते वळण मी ओळखलं. माझ्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या सोहळ्याच्या कार्डावर त्याच वळणात मोठ्या फादरांनी आशीर्वाद लिहिला होता.

सायमनकाकांनी चष्मा सावरला. त्यांना त्यात वावगं काही वाटलं नसावं, कारण सरळ वाचत गेले. "मास्तरांची तक्रार समक्ष ऐकली. मुलीकडून लेखी घेतले, विषय मिटला. फादरांना दुसऱ्या बोर्डिंगवर पाठवावे, बभ्रा नको." आणि महागुरूंची सही. तारीख.

मार्थाबाई पहिल्या रांगेत होत्या. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या पूर्वी. त्या हळूच म्हणाल्या, "म्हंजी त्यास्नी ठावं हुतं."

मग एकदम गलका. सायमनकाकांचा चेहरा पडला. कागद फोल्डरात कोंबत म्हणाले, "ह्यो मिशनचा कागद हाय. बाहेर जायचा न्हाई."

"अक्षर माझं आहे," मी म्हणाले आणि हात पुढं केला. त्यांनी फोल्डर पाठीमागं धरलं. तोवर मार्थाबाईंच्या सुनेनं मोबाईल काढला होता. आणखी दोघींनी काढला. आमचे आताचे फादर तरुण आहेत, सभाभर खाली मान घालून बसले होते. ते उठले, सायमनकाकांच्या हातातून फोल्डर घेतलं आणि माझ्याकडं दिलं.

मागून बापाचा आवाज आला. "साक्षीदाराची सही माझी हाय." तो भिंतीला धरून उभा होता. "पोरगी खरं बोलत हुती. खोलीपायी म्या सही केली."

बायका रडायला लागल्या. मी रडले नाही.

त्या दुपारी आम्ही ठाण्यात गेलो. महिला फौजदारांनी जबाब घेतला, पाणी दिलं, घाई केली नाही. म्हणाल्या, लहान मुलीबाबत असं कळूनही पोलिसांना न सांगणं हाच गुन्हा आहे. मी म्हणाले, तोही लिहा. दोघांची नावं लिहा. केलं त्याचं आणि झाकलं त्याचं.

घरी येताना बाप म्हणाला, "मला माफ कर."

"माफी नाही," मी म्हणाले. "साक्ष द्यायची. कोर्टात. सगळ्यांसमोर."

"दीन साक्ष."

त्याला मी दोन वेळचं जेवायला घालते, औषध देते, दर महिन्याला वकिलाकडं नेऊन त्याचा जबाब पाठ आहे की नाही ते बघते. प्रेम आहे की नाही ते मला विचारू नका.

बोर्डिंगचे फादर आता आत आहेत. महागुरूंना जामीन मिळाला. गेल्या महिन्यात त्यांचा निरोप आला, तरुण फादरांच्या हाती. वय झालंय, तब्येत बरी नसते, एकदा भेटावं, दोघांनी मिळून प्रार्थना करू, मनातलं सगळं सांगायचं आहे.

"कुठं?" मी विचारलं.

"त्यांच्या खोलीवर."

"बाकी कोण असणार?"

"कुणी नाही. दोघंच."

मी म्हणाले, त्यांना सांगा, बंद खोलीत मी कुठल्याही फादरांना भेटत नाही. काय सांगायचं ते त्यांनी जजसाहेबांना सांगावं.

लोक मला समजावतात. एवढा राग बरा नव्हे. म्हातारा माणूस, ब्याऐंशी वय, आज आहे उद्या नाही, देवच न्याय करील. आत्यासुद्धा म्हणाली, "मरू दे गं त्याला सुखानं."

मला त्याचं मरण नको आहे. त्या बाईला मी फोन केला होता, लांबच्या जिल्ह्यातल्या. तिलाही नको आहे. आमचं दोघींचं ठरलंय. प्रत्येक तारखेला पहिल्या बाकावर बसायचं, आणि त्याला वर बघावं लागेल असं बसायचं.

मी पुन्हा प्रार्थना करायला लागले आहे. रोज सकाळी, पहिली गाडी काढायच्या आधी. देवा, त्याला जगव. त्याचे डोळे शाबूत ठेव, कान शाबूत ठेव. निकाल वाचून होईपर्यंत त्याला मरू देऊ नकोस.