पळसाची हिरवी डहाळी

पिंपळनेरच्या पश्चिमेला आमची भाताची खाचरं. त्या साली गोगलगायींनी कहर केला होता. सकाळी जावं तर कालची रोपं बुडापासून कुरतडलेली, पाण्यावर तरंगत असायची. शेजारचे भाऊ दुकानातली पावडर टाकायचे. मी वडिलांप्रमाणे मोहाची पेंड वापरायचो, बियांचं तेल काढल्यावर उरते ती. भिजवून खाचरात शिंपडली की पाण्यावर साबणासारखा फेस यायचा आणि गोगलगायी मरून पडायच्या.

पण पेंडीनं मासेही मरतात. म्हणून पेंड टाकली की बांधाची मोरी चिखलानं बुजवायची आणि तिच्यावर पळसाची हिरवी डहाळी खोचायची, ही आमच्याकडची रीत. डहाळी सुकेपर्यंत मोरीला हात लावायचा नाही.

माझ्या आणि भाऊंच्या, दोघांच्याही खाचरांचं पाणी खाली अक्कांच्या शेतात उतरायचं. अक्का एकट्या राहायच्या. शेताच्या कोपऱ्यात खड्डा करून त्यांनी मासे पाळले होते. लेक बाळंतपणाला यायची होती, तिच्यासाठी. चिखलणीला त्यांच्याकडे बैल जायचे ते भाऊंचे.

मी पेंड टाकली आणि त्याच दुपारी पाऊस कोसळला. खाचर तुडुंब झालं, बांध फुटायला आला. मी डहाळी उपटली, मोरी मोकळी केली. पाऊस ओसरल्यावर परत बुजवली, डहाळी होती तिथे खोचली. पानं हिरवीच होती.

सकाळी अक्कांची हाक आली. मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. माझ्या मोरीखालच्या गवतात फेस अडकला होता. अक्का वळायच्या आत मी तो पायानं पुसला.

"बठ्ठा मासा मरी ग्यात," अक्का म्हणाल्या. त्यांनी मोरीकडे पाहिलं. डहाळी जागेवर होती. "हाई भाऊनी पावडरनंच काम शे."

भाऊंनी शपथा घेतल्या. अक्कांनी त्यांचे बैल पुन्हा शेतात येऊ दिले नाहीत. पुढच्या हंगामापासून चिखलणी मी करून देऊ लागलो.

"तुनासारखा शेजारी शे म्हनीसन निभस मनं," असं म्हणत त्या मला भाकरी वाढायच्या. मी खायचो.

इतकी वर्षं खाल्ली. यंदा अक्का फार थकल्यात म्हणून भेटायला गेलो आणि बसल्या बसल्या सांगून टाकलं. मोरी, फेस, पाय, सगळं.

"मंग माले कसाले सांगस?" अक्का म्हणाल्या. "जाय, भाऊले सांग."

भाऊ त्यांच्या ओट्यावर कांदे निवडत होते. त्यांना आता कमी ऐकू येतं. मी हळू आवाजात सुरुवात केली.

"काय? कोनी मोरी? जोरमा बोल ना, भो!"

मग ओरडूनच सांगावं लागलं. गल्लीतली दारं उघडली. भाऊंनी हातातला कांदा खाली ठेवला, कानामागे हात धरला.

"आखो एक डाव सांग," ते म्हणाले.

मी परत सांगितलं.