जिजीच्या चक्कीवरचं मतदान

जिजीला हळू बोलता येत नसे. सारा जन्म पिठाच्या चक्कीशेजारी गेलेला, त्यामुळे पट्टा फिरत असो की नसो, ती त्याच्या वरच्या पट्टीतच बोलायची. देवळात हात जोडून मनातल्या मनात म्हणून जे मागायची, ते बाहेर चपला घालणाऱ्यालाही ऐकू जाई. सुनेला सुबुद्धी दे, ही तिची गुप्त प्रार्थना आमच्या रनाळे गावात सगळ्यांना पाठ होती.

तिची चक्की माझ्या घरासमोरच. मी इथल्या शाळेत मास्तर. सुरतेला असलेला तिचा मुलगा तिला जिजी म्हणायचा, म्हणून सगळं गावही जिजीच म्हणे. भुवयांवर कायम पीठ. विशीतही ती अशीच म्हातारी दिसत असणार.

चक्कीवर भांडणं मात्र रोजची. एक धान्य काढून दुसरं घातलं की जात्यात राहिलेलं मूठभर पीठ पुढच्याच्या डब्यात जातं. बाजरीच्या मागे गव्हाचा नंबर लागला की गव्हाचा मालक पेटलाच. त्यात थ्री फेज लाइट कधी येईल याचा भरवसा नाही. डबे रांगेत आणि माणसं ओट्यावर ताटकळत. कुणी तक्रार केली की जिजी गरजायची, "पोटमा गयं का बठ्ठं एकच व्हस! तू काय लाटसाहेब शे का?"

हे लाटसाहेब हळूहळू खरंच दुसरीकडे जाऊ लागले. रस्त्यावर नवी चकचकीत चक्की निघाली होती. तिथे ताटकळावं लागत नसे आणि कुणी अंगावरही येत नसे. जिजीच्या ओट्यावरचे डबे कमी झाले. मुलगा फोनवर म्हणू लागला, बंद कर आता, सुरतेला ये. ते ऐकून जिजी पहिल्यांदाच माझ्याशी जरा हळू बोलली. म्हणजे फक्त आमच्या गल्लीला ऐकू गेलं.

"पाचवा मजलावर बशीसन मी काय करू मास्तर? कबुतरं हाकलू? चक्की बंद पडनी तर मी मरी जासू."

मी तिला मोबाइलवर गिऱ्हाइकांचा ग्रुप काढून दिला. लाइट आली की कळवायचं, दळण झालं की कळवायचं, एवढीच माझी अक्कल. टाइप करणं तिला जमेना, म्हणून ती व्हॉइस मेसेज टाकू लागली. "लाइट उनी रे भो!" असा मेसेज वाजला की पाळण्यातली पोरं दचकून उठायची. पण निरोप पोचायचा. मग तिनेच विचारलं, कुणाकडे कोणतं धान्य आहे ते लोकांना आधी विचारता येईल का? म्हणजे आधी सगळा गहू, मग ज्वारी, मग बाजरी, शेवटी उडीद घातलेला कळणा. जात्यातलं धान्य पुन्हापुन्हा बदलायला नको आणि भांडणाचं मूळच तुटेल. मी तिला ग्रुपवर पोल टाकायला शिकवलं. गहू, ज्वारी, बाजरी, कळणा, ज्याने त्याने आपल्या धान्यापुढे बोट लावायचं.

पण आमचं गाव मत द्यायचं म्हटलं की शुद्धीवर राहत नाही. लोकांना वाटलं, जे धान्य निवडून येईल तेच दळलं जाणार! गव्हाने आघाडी घेतली. बाजरीवाल्यांनी पाहुण्यांना फोन करून ग्रुपात घातलं. ज्यांच्या घरात कळण्याचा दाणा नव्हता, त्यांनी भाऊबंदांना पाडायचं म्हणून कळण्याला मत दिलं. संध्याकाळी गहू निवडून आला आणि एकाने चक्कीसमोर फटाकेही फोडले. पडलेले बाजरीवाले डबे घेऊन ओट्यावर ठिय्या देऊन बसले.

जिजीने मोबाइल तोंडाशी धरला. "अरे भो, हाई निवडणूक नही शे, दयन शे! जो हारी तेनं बी मी दयी देसू!"

हरणाऱ्याचंही दळण होणार, हे ऐकून त्या दिवशी गाव पोट धरून हसलं. मात्र दुसऱ्या दिवसापासून लोक खरं सांगू लागले. डबा ठेवायचा, कामाला जायचं, मेसेज आला की न्यायचं. ताटकळणं संपलं आणि रस्त्याकडे गेलेले डबेही परत आले. सुरतेचा विषय मागे पडला.

मग एक चमत्कारिक गोष्ट माझ्या लक्षात आली. 'तयार शे' असा मेसेज आला म्हणून मी गेलो, तर माझा गहू अजून डब्यात तसाच! मी म्हणालो, "जिजी, हे काय?" तिने माझ्यापुढे स्टूल सरकवलं.

"बसा ना मास्तर जरासा. तुम्ही दयन लई जातस नि पयी जातस, मंग मी कोनसंगे भांडू?"

अख्ख्या गावाला ती असं थोडं आधीच बोलावत होती. गावालाही ते कळलं होतं. तरी लोक वेळेवर यायचे, बसायचे, दोन शिव्या खायचे आणि पीठ घेऊन जायचे. मला तर तिच्या त्या लबाडीचा फार लळा लागला होता.

मुलगा एकदा तिला न्यायला म्हणून आला. दिवसभर त्याच स्टुलावर बसला आणि संध्याकाळी एकटाच निघाला. एसटीची वाट पाहताना मला म्हणाला, "सर, तठे आमना शेजारनं दार बंदच ऱ्हास. जिजी बोलनार कोनसंगे?"

गेल्या हिवाळ्यात जिजी गेली. सकाळी चक्कीवरच छातीत कळ आली. गहू दळून झाले होते, ज्वारी लावायची होती. तेरावा झाल्यावर मुलाने ग्रुपवर लिहिलं, आपापले डबे घेऊन जा. लोक आले, डबे उचलले, कुणी भांडलं नाही. मागे एकच डबा उरला. तो जिजीचा स्वतःचा, पिठाने काठोकाठ भरलेला. मुलाने तो सुरतेला नेला.

परवा त्याचा फोन आला. कसा आहेस विचारलं. तर म्हणाला, "सर, जिजीनं पीठ सरी गयं."