भाषेची डॉक्टर

पुण्याहून सुटलेली एसटी वाघोलीच्या गर्दीत अडकली, तेव्हा मी तिसऱ्यांदा रेकॉर्डरची बॅटरी तपासत होते. भाषाविज्ञानातल्या पीएच.डी.चं माझं हे पाचवं वर्ष. घोड आणि भीमा या नद्यांकाठची बोली हा विषय. निम्म्या गावांचं ध्वनिमुद्रण अजून बाकी होतं, आणि गाईडच्या मेलला मी आठवडाभर उत्तर दिलं नव्हतं. मागच्या बाकावर कुणी "कवा पोचायचं आता?" म्हणालं, की माझा हात आपोआप वहीकडे जाई. या अभ्यासात कानांना सुट्टी नसते.

शिरूर डेपोत संतोष मोटरसायकल घेऊन उभा होता. मैत्रिणीच्या ओळखीतला, कंपनीत नोकरी करणारा. "दुपारपत्तूर हाफ डे टाकलाय, मॅडम. घरची वाट बघत्यात," तो म्हणाला. मला बरं वाटलं. एरवी लोक मला टाळतात.

न्हावऱ्यानंतर ऊस दाटला. मधेच पिवळ्या शेवंतीचे पट्टे, कुठं माळवं (भाजीपाला). वडगाव रासाईला पोचलो, तर ओसरीवर खाटेवर आप्पा, संतोषचे वडील, ताजी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून बसलेले. शेजारी त्याची आई, इंदूमावशी. तिच्या मांडीवर फाइल.

"गेल्या थंडीत ह्यांना पॅरालिसिस झाला," तिनं फाइल माझ्या हातात दिली. "हात-पाय सुधारले, पन वाचा गेली ती गेलीच. संतोष म्हनला, भाषेच्या डॉक्टर येनार हायेत. आज शेवंतीचा तोडा बी उद्यावर ढकलला आम्ही."

मी फाइल उघडली. आणि सांगायला लाज वाटते, पण मिनिटभर मी ती वाचत मान हलवत राहिले. चार प्रश्न विचारले असते तर कुणाला काही कळलं नसतं. मावशीचं बोलणंही आयतं रेकॉर्ड झालं असतं.

"मावशी," मी फाइल मिटली, "मी तसली डॉक्टर नाही. लोक कसं बोलतात ते मी लिहून घेते. गेलेली वाचा मला आणता येत नाही."

तिनं फाइल परत मांडीवर घेतली. "मंग आमच्या बोलन्याचं तुम्ही करनार काय?"

या प्रश्नाचं दोन पानी उत्तर मी फेलोशिपच्या अर्जात लिहिलं होतं. ते इथं कामाचं नव्हतं.

आप्पांना सगळं कळलं होतं. त्यांनी डावा हात उचलला. "तवा," ते म्हणाले. मग जोर करून, "तवा... तवा!" डोळ्यांत पाणी आलं.

"येवढं येकच ऱ्हायलंय," मावशी म्हणाली. "पानी मागायचं तरी तवा, राग आला तरी तवा."

माझ्या वहीत त्या 'तवा'साठी, म्हणजे 'तेव्हा'साठी, एक आख्खा रकाना होता. मी वही पिशवीत टाकली.

"डॉक्टर नसल्या म्हनून काय झालं, जेवायला बसा," मावशी उठली. बाजरीची भाकरी आणि वांग्याचं कोरड्यास (पातळ कालवण). मी नको म्हणत असताना तिनं दुसरी भाकरी वाढलीच.

संतोष मला भीमेच्या पुलापलीकडे सोडायला आला. मोटरसायकल उभी करून म्हणाला, "माझंच चुकलं, मॅडम."

"नाही. फोनवर 'भाषेत डॉक्टरेट करतेय' असं मीच ऐटीत सांगितलं होतं."

तिथून वडाप (प्रवासी जीप) धरून दौंडला आले. तिथं एका निवृत्त रेल्वे कामगाराची मुलाखत ठरली होती. ती फोन करून पुढे ढकलली. एका जागी बसवतच नव्हतं. गावातल्या दवाखान्यांतून विचारत फिरले. तिसऱ्या ठिकाणी काउंटरवरची मुलगी म्हणाली, "स्पीच थेरपीच्या मॅडम ना? येतात. फक्त गुरुवारी."

मी दारातूनच संतोषला फोन लावला. तो ऐकून घेऊन म्हणाला, "आईला परत आशा लावू का?"

"वाचा येईलच असं मी म्हणत नाही. पण हे ज्यांना विचारायचं, त्या इथं बसतात."

पलीकडे कंपनीतल्या मशिनचा आवाज येत होता. "गुरुवारी फर्स्ट शिफ्ट हाय," तो म्हणाला. "बदलून घेतो."

पुण्याच्या गाडीत खिडकी मिळाली, पण बाहेर लक्ष नव्हतं. पाच वर्षं मी माणसांना बोलतं करत हिंडले. ज्यांना बोलता येत नाही ते घरात कसे राहत असतील, हा प्रश्न माझ्या प्रश्नावलीत नव्हता. प्रबंधात वडगावपुढे अजून रिकामी जागा आहे. गाईडनी कारण विचारलं तेव्हा मी सगळं सांगितलं. सांगूनही माझी अस्वस्थता कमी झाली नाही.

गेल्या आठवड्यात इंदूमावशीचा फोन आला. तीन महिने ते दर गुरुवारी दौंडला जातात.

"काय म्हणतात आप्पा?" मी भीत भीत विचारलं.

"गोंधळ हाय सगळा. मला संतोष म्हनत्यात, आन् संतोषला इंदू." ती हसली, मग आवाज जरा ओला झाला. "पन हाक मारत्यात बरं का. घरात हाक आयकू येती."