रोरेतीच्या लॅपटॉपला लागलेले गोचीड

तेमाइकूच्या समुद्राकाठच्या शाळेत नेई रोरेती (नेई म्हणजे बाई) एकोणीस वर्षं दुसरीचा वर्ग शिकवत होती, आणि एकोणीस वर्षं कागदोपत्री ती शिक्षिका नव्हती. पदविका नव्हती. आजवर कुणी विचारलीही नव्हती. मग शिक्षण कचेरीतून पत्र आलं की वर्षअखेरपर्यंत ज्यांच्या हाती पदविका नसेल त्यांनी नव्या वर्षी वर्गावर येऊ नये. मुख्याध्यापकांनी ते मोठ्याने वाचलं, घडी घातली आणि समुद्राकडे तोंड फिरवलं. त्यांना तिच्याकडे बघायचं नव्हतं.

सत्तेचाळिसाव्या वर्षी तिने घरबसल्या शिकायला सुरुवात केली. विद्यापीठ दुसऱ्या बेटावर, तिथून धडे इंटरनेटने यायचे. सकाळी शाळा, दुपारी किनाऱ्याच्या प्रवाळ खडकांवर शिंपले वेचणं, मग संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत लॅपटॉप. सात विषय तिने असे एकामागून एक संपवले. आठव्यात, शेवटच्यात, ती नापास झाली, आणि तेही निबंध लिहिला नाही म्हणून नव्हे.

निबंध तिने वेळेत लिहिला होता. मुलं मासे कशी मोजतात, नारळ कसे मोजतात, दोन्हींचे आकडे वेगळे का, यावर बावीस पानं. पाठवायच्या दिवशी विद्यापीठाच्या पानावर एक मोठं हिरवं बटण आलं. तिने दाबलं. चाक फिरलं, ‘धन्यवाद’ आलं. तिने लॅपटॉप मिटला आणि त्या दिवशी भाताबरोबर सणासाठी ठेवलेला डबाबंद मांसाचा डबा फोडला. तीन आठवड्यांनी पत्र आलं की निबंध मिळालेला नाही. ते बटण विद्यापीठाचं नव्हतंच. दुसऱ्याच्या शंखात खेकडा राहायला यावा तशी ती एक जाहिरात विद्यापीठाच्या पानात येऊन बसली होती.

रोरेतीने अर्ज केला, विनंत्या केल्या. विद्यापीठाने एक संधी आणखी दिली. शुक्रवारी दुपारी चारपर्यंत. त्यानंतर हा विषय पुढल्या वर्षी, म्हणजे वर्ग गेल्यावर.

लॅपटॉप तिच्या नवऱ्याने, तोआनीने, कुठल्याशा बंदरातून आणला होता. तो वर्षातले दहा-अकरा महिने मालवाहू जहाजावर. घर म्हणजे चार खांबांवरची चटयांची बैठक, वर केवड्याच्या पानांचं छप्पर, बाजूंना भिंती नाहीत. असल्या घरात वस्तू लपत नाही, आणि लपवणं शोभतही नाही. नात्यातलं कुणी येऊन ‘बुबुसी करतो’ म्हणालं की मागितलेली वस्तू द्यायची. नाही म्हणणाऱ्याची लाज त्याच्या नातवंडांपर्यंत पुरते. माणसं होडी देतात, अंगावरचा सदरा काढून देतात. मग लॅपटॉप काय मोठा.

सगळ्यांत जास्त मागायचा तिचा दीर बेइआ. बत्तीस वर्षांचा, मनाने निर्मळ, सकाळ-संध्याकाळ माडावर चढून ताडी उतरवायचा आणि वर बसून इतक्या मोठ्याने गायचा की वाटसरूंनी खालून दाद द्यावी. त्याला चित्रपटांचं वेड. चित्रपट पेनड्राइव्हवरून या घरातून त्या घरात फिरत येतात, डोक्यातल्या उवांसारखे, कुठून आले कुणी सांगत नाही. एकदा एक चित्रपट उघडेना. पडद्यावर चौकट आली की हा बघायला आमचं फुकट साधन घ्या. बेइआने घेतलं. त्या दिवसापासून लॅपटॉप उघडला की कोपऱ्यात एक बाई हसायची. वजन घटवा, पत्ते खेळा, तुमच्या यंत्रात त्रेचाळीस विषाणू आहेत, इथे दाबा. खिडकीवर खिडकी. रोरेतीने महिन्याचा म्हणून घेतलेला डेटा चार दिवसांत आटायचा, आणि विद्यापीठाचा पत्ता टाइप केला की बुटांचं दुकान उघडायचं.

सोमवारी शाळा सुटल्यावर ती लॅपटॉप चटईत गुंडाळून बसने विद्यापीठाच्या केंद्रावर गेली. केंद्राची इंटरनेट जोडणी पंधरा दिवस बंद होती. एक सुटा भाग यायचा होता आणि तो आणणारं जहाज आलं नव्हतं. त्यामुळे निबंध तिथून पाठवायची सोय नव्हती. पण तिथली नेई बातीरी मशिनं दुरुस्त करायची. तिने लॅपटॉप उघडला, ती हसणारी बाई पाहिली आणि स्वतःही हसली.

“बाई, घरात हे किती जण वापरतात?”

“सगळे.”

“सगळे म्हणजे?”

“सगळे म्हणजे सगळे. परवा पाद्र्यांची बहीण वापरून गेली.”

बातीरीने कपाळाला हात लावला. मग तिने शिकवलं, रोरेतीने वहीत उतरवलं. आधी बसवलेल्या साधनांची यादी उघडायची आणि ती तारखेप्रमाणे लावायची. आगंतुक साधनं बहुधा एकाच दिवशी टोळीने येतात. ती काढायची. मग ब्राउझरला चिकटलेली जोडसाधनं. मग कोणकोणत्या संकेतस्थळांना सूचना दाखवायची परवानगी दिली आहे ते बघायचं आणि सगळ्यांची काढून घ्यायची. शेवटी झाडाझडती घेणारं साधन चालवायचं. ते बातीरीने मूळ कंपनीच्या पानावरून पूर्वीच उतरवून ठेवलेलं होतं, लाल पेनड्राइव्हवर; तो तिने रोरेतीच्या हाती दिला. “हे दुसरीकडून कुठूनही घेऊ नका,” ती म्हणाली. “चोर पकडून देतो म्हणणारे निम्मे चोरच असतात.” लॅपटॉप परत बांधताना तिने हेही सांगितलं की घर स्वच्छ करणं सोपं आहे, दार लावणं अवघड. रोरेती म्हणाली, आमच्या घराला दारच नाही.

मंगळवारी ती शाळेच्या ओट्यावर बसली. यादी तारखेप्रमाणे लावली तेव्हा एकाच दिवशी आलेली तीन नावं सापडली, तिने कधीच न बोलावलेली. पहिलं सरळ गेलं. दुसऱ्याने जाताना विचारलं, खरंच काढायचं का? खाली ‘ठेवा’ असं मोठं निळं बटण, आणि त्याच्याखाली, राखेच्या रंगात, जेमतेम दिसेल असं ‘काढा’. वर्गात फळ्यावरचं न वाचता मान डोलावणारी मुलं तिला एकोणीस वर्षांत पाठ झाली होती. आपणही त्यांच्यातलेच होतो हे तिला त्या राखेच्या रंगाकडे बघताना उमगलं. ती प्रत्येक चौकट तळापर्यंत वाचू लागली. उरलेली नावं गेली, जोडसाधनं गेली. परवानग्या सत्तावीस निघाल्या, त्या तिने एकेक करून मोडल्या.

तरीही ब्राउझर उघडला की पत्त्यांचा जुगार समोर हजर. बातीरीच्या यादीतलं सगळं करून झालं होतं. दुसरं कुणी असतं तर लॅपटॉप मिटून नशिबाला बोल लावला असता. रोरेती तशीच बसून राहिली. कुत्र्याच्या अंगावरचा गोचीड नुसता ओढला की तोंड आत राहतं, हे तिला ठाऊक होतं. कुठे तोंड राहिलं असेल? ती जे जे दाबत होती ते ते तिने उलटून बघायला घेतलं. शेवटी ब्राउझर उघडायच्या त्या चिमुकल्या चित्राचे तपशील उघडले. आत एक ओळ होती, ब्राउझर कुठे ठेवला आहे ते सांगणारी. ओळ संपायला हवी होती तिथे ती संपत नव्हती. पुढे शेपूट होतं, जुगाराच्या संकेतस्थळाच्या पत्त्याचं. तिने शेपूट छाटलं, ब्राउझर उघडला. कोरं, पांढरं पान आलं. त्या कोऱ्या पानाकडे ती प्रार्थनेत बघावं तशी बघत राहिली. मग झाडाझडती चालवली. दोन तासांत एकेचाळीस तुकडे सापडले, तेही गेले.

बुधवारी बेइआ आला. हातात ताडीची बाटली, कानामागे फूल. म्हणाला, वहिनी, तुझ्या यंत्राची बुबुसी करतो, आज एकच चित्रपट. शुक्रवारचं तिने सांगितलं, पण नाही हा शब्द काही तिच्या ओठांवर येईना. तो त्या घरात कुणाच्याच ओठांवर कधी आलेला नव्हता. काहीही नवं बसवू नका एवढं दोनदा बजावून तिने लॅपटॉप पुढे सरकवला.

गुरुवारी सकाळी कोपऱ्यात ती बाई पुन्हा हसत होती.

रोरेतीने आरडाओरडा केला नाही. ती माडाखाली जाऊन उभी राहिली, बेइआचं गाणं संपून तो खाली येईपर्यंत. मग नेमकं काय झालं ते एकेक विचारलं, मुलांना विचारतात तसं.

“मी काही बसवलं नाही, वहिनी. देवाशपथ.”

“मग?”

“चौकट आली. परवानगी देता का, म्हणाली. मी दिली.”

“का दिलीत, भाऊजी?”

बेइआला प्रश्नच कळला नाही. तो पाय खाजवत म्हणाला, “मागितली ना तिने. मागितल्यावर नाही कसं म्हणायचं?”

त्याची चेष्टा करायचं तिच्या जिभेवर आलं होतं, ते तिने गिळलं. मागणाऱ्याला द्यायचं, हे शिकूनच तो वाढला होता. आणि दूर कुठेतरी, ज्यांनी या बेटाचं नावही ऐकलं नसेल अशा लोकांनी ती खिडकी मागणाऱ्याच्या आवाजात बोलायला शिकवली होती. चूक त्याची होती, पण पाप त्याचं नव्हतं.

“भाऊजी, ती कोण तुमची?”

“कोण?”

“ती चौकट. तुम्ही उद्या तिच्याकडे मासे मागायला जाल का?”

बेइआ हसला. “कुठे जाऊ? तिला घर आहे का?”

“मग तिची बुबुसी कसली? ज्याच्याकडे आपण मागायला जाऊ शकत नाही, त्याचं मागणं म्हणजे चोरी. तोंडाने गोड, एवढंच.”

हे बेइआला पटलं, पण तो एकटा नव्हता. त्याच्यामागे घरोघरचे वीस हात होते आणि तिच्या हातात उद्याचा एकच दिवस. रोरेतीने आज येत नाही असा शाळेत निरोप धाडला, तंबाखूच्या दोन कांड्या आणि नारळाच्या काकवीची बाटली घेतली आणि उनिमाने, म्हणजे कुळाचा वडीलधारा, तेन ताबेरान याच्या बैठकीवर गेली. ताबेरान तिच्या सासऱ्याचा थोरला भाऊ, ऐंशीच्या घरातला. तो बोलला की त्या कुळात दुसरं कुणी बोलत नसे. तिने वस्तू चटईवर ठेवल्या, पाय दुमडून बसली आणि जे मागायला एकोणीस वर्षांत ती कुणाच्या दारी गेली नव्हती ते मागितलं.

“उनिमाने, मी बुबुसी करायला आलेय. उद्या चारपर्यंत माझं यंत्र कुणी मागू नये, असा तुमचा शब्द मला द्या.”

म्हाताऱ्याने एक कांडी उचलून तंबाखू चोळायला घेतला. सुनेचं मागणं कुणी काही मागू नये हेच होतं. असली बुबुसी त्याने आयुष्यात ऐकली नव्हती. पण बुबुसी ती बुबुसी.

“जाळं टाकून धरलंस मला,” तो म्हणाला. “दिला शब्द.” आणि मग डोळे बारीक करून, “आता माझी ऐक. चार वाजल्यानंतर ते यंत्र मला दे. कायमचं. म्हाताऱ्यांनाही चित्रपट बघायचेत.”

लॅपटॉप तोआनीच्या दोन महिन्यांच्या पगाराचा होता. त्याच्यावरच तिचे सात विषय झाले होते. पण ज्या हाताने घेतलं त्याच हाताने द्यायचं होतं, आणि तिला शुक्रवार हवा होता. ती म्हणाली, देईन.

गुरुवारी दुपारी तिने सगळं पहिल्यापासून केलं. यादी, जोडसाधनं, परवानग्या, चित्रामागची ओळ, झाडाझडती. हात आता सवयीने चालत होता. या वेळी तिने आणखी एक गोष्ट केली, बातीरीने ओझरती सांगितलेली. लॅपटॉपमध्ये दोन दारं केली. एक सगळ्यांसाठी, त्यातून आत येणाऱ्याला चित्रपट दिसतील, लिहिता येईल, पण नवं काही बसवता येणार नाही. दुसरं तिचं, पासवर्डाचं. सगळ्यांच्या दारातही सूचनांची परवानगी कुणी मागूच नये अशी सोय केली.

शुक्रवारी कुणी आलं नाही. बेइआ माडावरून उतरला तो थेट रस्त्याने गेला, घराकडे न बघता, जणू घरात सुतक आहे. अडीच वाजता तिने विद्यापीठाचं पान उघडलं. बटण दिसल्यावर तिने हात मांडीवर ठेवला. वर पत्ता वाचला, अक्षर अन् अक्षर. बटणाचा रंग, त्याच्यावरचे शब्द, त्याच्याखालचे बारीक शब्द वाचले. मगच दाबलं. चाक फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं. तीन वाजून सात मिनिटांनी पावती आली, क्रमांकासकट. गेल्या वेळी क्रमांक नव्हता, आणि तिला तेव्हा तो असतो हेही ठाऊक नव्हतं. तिने तो वहीत लिहिला, मग तळहातावरही लिहिला.

चारला अजून अवकाश होता. म्हाताऱ्याचा निरोप यायची वाट न बघता तिने लॅपटॉप पुसला, चटईत गुंडाळला आणि निघाली. तेन ताबेरानच्या बैठकीवर पाच-सहा जण आधीच जमले होते, बेइआ सगळ्यांत पुढे. तिने तो म्हाताऱ्याच्या पुढ्यात ठेवला आणि आतल्या दोन दारांचं सांगितलं. नवं काही बसवायचं असेल तर मला बोलवा, ती म्हणाली, मी वाचून देईन.

“म्हणजे किल्ली तुझ्याकडेच,” म्हातारा म्हणाला.

“हो. तीही मागणार असाल तर आत्ताच मागा, उनिमाने.”

ताबेरानने तिच्या तळहातावरचा शाईचा आकडा पाहिला आणि विचारलं की हे काय. तिने सांगितलं, माझा वर्ग. त्याने मान हलवली, बेइआला चित्रपट लावायला सांगितलं आणि किल्लीचा विषय पुढे काढला नाही.

रोरेती बसली नाही. सोमवारी दुसरीला वजाबाकी घ्यायची होती आणि मुलांना मोजायला दगड वेचून आणायचे होते.